स्वस्त मेमरी कार्ड की स्वस्त एसएसडी? जुन्या लॅपटॉपसाठी सल्ला हवा

गोदाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. तीन वेगवेगळ्या गरजा आहेत, एकाच धाग्यात विचारतो.

१) ६४ जीबी ईएमएमसी (बोर्डालाच चिकटवलेली साठवण) आणि ४ जीबी रॅमचा छोटा लॅपटॉप. बाजूला मायक्रोएसडीची खाच आहे. सी ड्राइव्हची पट्टी कायम लाल आणि विंडोजचं मोठं अपडेट जागेअभावी अडून बसलंय.
२) जुना आय-५ लॅपटॉप, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क. चालू होऊन हाताशी यायला चहा करून प्यायला जाईल एवढा वेळ लागतो.
३) पिंपळगावकडे द्राक्षबागेत रास्पबेरी पाय ४ या छोट्या एकपाटी कॉम्प्युटरवर तापमान-आर्द्रतेची नोंद चालते. त्यातलं कार्ड सारखं दगावतं.

नाशकात एमजी रोडला चौकशी केली तर दुकानदार म्हणतो, तिन्हीकडे १२८ चं कार्ड टाका, काम होईल. पाकिटावर तर १५० एमबी प्रति सेकंद लिहिलंय, म्हणजे हार्ड डिस्कपेक्षा जास्तच. मग एसएसडीला (हार्ड डिस्कच्या जागी बसणारी फ्लॅश चिपांची डिस्क) जादा पैसे का मोजायचे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

कॅनडाकॉर्नर

पाकिटावरचा १५० हा आकडा आधी डोक्यातून काढून टाका. तो वाचनाचा वेग आहे, तोही एकच मोठी फाइल सलग वाचताना. अशा कार्डांच्या यूएचएस-१ बसची (कार्ड आणि रीडरमधली वाट) मर्यादाच १०४ एमबी प्रति सेकंद आहे. त्यावरचा आकडा कंपनीच्या स्वतःच्या खास मोडमध्ये आणि त्याच कंपनीच्या रीडरमध्ये मिळतो. जुन्या लॅपटॉपचा कार्ड रीडर आतून यूएसबी २.० ला जोडलेला असेल तर कार्ड कितीही महागाचं घ्या, हातात ३५-४० च पडणार.

ऑपरेटिंग सिस्टिम मुळात सलग वाचत-लिहीत नाही. ती ४-४ केबीचे तुकडे ठिकठिकाणी फेकत असते: रजिस्ट्री, लॉग, ब्राउझरची कॅश. फ्लॅशमध्ये (साठवणीची चिप) लिहायचं एकक पान असतं, पुसायचं एकक मात्र कित्येक एमबीचा ब्लॉक. कार्डातला कंट्रोलर साधा, त्याच्याकडे रॅम नाही, एका वेळी मोजकेच ब्लॉक उघडे ठेवण्याची त्याची कुवत. मग ४ केबी बदलायला तो जुना मजकूर वाचतो, नव्या ब्लॉकात उतरवतो, जुना पुसतो. तुम्ही लिहिलं ४ केबी, फ्लॅशवर झिज झाली त्याच्या कितीतरी पट. वेग पडतो तो यामुळे, आणि कार्ड लवकर मरतं तेही यामुळेच.

एसएसडीतही फ्लॅश तीच, टीएलसी किंवा क्यूएलसी (एका पेशीत तीन किंवा चार बिट). फरक कंट्रोलरचा. तो अनेक चिप्सवर एकाच वेळी लिहितो, कुठला तुकडा कुठे आहे याचा बारीक नकाशा ठेवतो, ट्रिम (कुठला मजकूर आता नकोय ही ऑपरेटिंग सिस्टिमची सूचना) समजून घेतो, झिज सगळीकडे सारखी वाटतो आणि आपली तब्येत स्मार्ट या स्वतपासणीच्या नोंदींतून सांगतो. मेमरी कार्ड सहसा काहीच सांगत नाही. काल चालत होतं, आज नाही, एवढंच कळतं.

थोडक्यात क्र. २ ला एसएसडी, डोळे झाकून. १ आणि ३ वर जरा बोलावं लागेल.

सातपूरकर

+१. पाकिटावर काय वाचायचं तेही लिहून ठेवतो.

गोलात १० म्हणजे सलग लेखन किमान १० एमबी. यू अक्षरात १ असेल तरी १०, ३ असेल तर ३०. व्ही३० म्हणजे पुन्हा ३०. हे तिन्ही शिक्के व्हिडिओ चित्रणासाठी आहेत, कॉम्प्युटरला त्यांचा फारसा उपयोग नाही. आपल्या कामाचा शिक्का ए१ किंवा ए२. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० छोटी वाचनं आणि ५०० छोटी लेखनं. ए२ म्हणजे ४००० आणि २०००. पण ए२ चा आकडा यायला समोरच्या यंत्राला कमांड क्यू (कामांची रांग) आणि कॅश या सोयी वापरता आल्या पाहिजेत. बहुतेक जुन्या लॅपटॉपांना त्या येत नाहीत, त्यामुळे ए२ साठी जादा पैसे मोजण्यात तिथे अर्थ नाही.

गोदाकाठ

एक शंका. ५४०० ची हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक छोटी कामं करते असं वाचलंय. ए१ कार्ड ५०० करत असेल तर ते हार्ड डिस्कपेक्षा चांगलंच झालं की!

सातपूरकर

शंका रास्त आहे. पण ए१ ची चाचणी ठरावीक, छोट्या पट्ट्यावर होते. कार्ड ऐंशी टक्के भरलं आणि लेखन सगळीकडे विखुरलं की तो आकडा टिकत नाही. मधेच कंट्रोलर आतली आवराआवर काढतो आणि एखादं लेखन अर्धा-एक सेकंद लटकून राहतं. सरासरी चांगली दिसते, माऊस मात्र गोठतो. हार्ड डिस्क हळू असली तरी एका लयीत हळू असते. साटा (हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी, अगदी खालच्या भावातली, हजारोंनी छोटी कामं करते. ही तुलनाच होऊ शकत नाही.

अंबडचा_मेंटेनन्स

कार्डाला एवढं झोडपू नका राव. अंबड-सातपूरच्या निम्म्या शॉपमध्ये सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारी कातकामाची यंत्रं) अजून कार्डावर चालतात. फानुक कंपनीच्या बऱ्याच कंट्रोलला पीसीएमसीआयएची (जुन्या लॅपटॉपांत असायची तशी) खाच असते, त्यात अ‍ॅडॉप्टर घालून कॉम्पॅक्ट फ्लॅश हे जुन्या पद्धतीचं कार्ड लावतात. तिथे काम काय, तर प्रोग्रॅम एकदा टाकायचा आणि हजार वेळा वाचायचा. लेखन जवळजवळ शून्य, म्हणून कार्ड वर्षानुवर्षं टिकतं.

फक्त तिथे मोठं कार्ड घेऊ नये. जुने कंट्रोल फॅट-१६ ही जुनी फाइल-पद्धतच ओळखतात, म्हणजे २ जीबीपर्यंतच. ३२ जीबीचं कार्ड घातलं की मशीन कार्डच नाही म्हणतं आणि ऑपरेटर खाचेला शिव्या घालतो. फाइलचं नावही आठ अक्षरं अधिक तीन असं आखूड ठेवावं.

आणखी एक, कॉम्पॅक्ट फ्लॅश विजेच्या भाषेत आयडीईच (साटाच्या आधीची हार्ड डिस्कची जोडणी) आहे. जुन्या आयडीई यंत्राला साध्या पिन-टू-पिन अ‍ॅडॉप्टरने ते हार्ड डिस्क म्हणून लागतं, मधे कुठली चिप लागत नाही. एसडीचं तसं नाही, तिथे भाषांतर करणारी चिप लागते आणि तीच आधी रुसते.

कॅनडाकॉर्नर

अंबडदादा, सहमत. एकदा लिहायचं, पुष्कळदा वाचायचं, तिथे कार्ड चालतं. हाच नियम क्र. १ ला लावू.

गोदाकाठ, तुमच्या ६४ च्या लॅपटॉपचं मागचं झाकण एकदा उघडून बघा. अशा बऱ्याच मॉडेलांत एम.२ ची (पट्टीसारख्या एसएसडीची) रिकामी खाच असते आणि मालकाला पत्ता नसतो. असेल तर खाच कुठली (बी-की की एम-की, म्हणजे आतला दांडा कुठे आहे) ते नीट पाहा. बी-कीच्या खाचेत बहुधा साटा पद्धतीची एम.२ एसएसडी लागते. एम-कीच्या खाचेत एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान पद्धत), साटा किंवा दोन्ही चालू शकतात. नक्की काय ते मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्येच सापडतं. दोन कापे असलेली पट्टी बहुधा साटा, एकच कापा असेल तर बहुधा एनव्हीएमई. आकार २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब. स्वस्त लॅपटॉपांत अनेकदा २२४२ चीच जागा असते. ८० ची पट्टी आणून घरी आल्यावर स्क्रूचं भोक जुळत नाही, हा नेहमीचा घोळ. स्क्रू सोबत मिळेलच असं नाही, तोही मागून घ्या, एम-२ मापाचा.

खाच नसेल तर कार्ड घ्या, पण विंडोज तिथे हलवायच्या भानगडीत पडू नका. कार्ड एनटीएफएसमध्ये (विंडोजची फाइल-पद्धत) फॉरमॅट करा. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, तिथे नवीन फाइली कुठे साठवायच्या तो पर्याय आहे. फोटो, गाणी, व्हिडिओ, कागदपत्रं कार्डाकडे वळवा. ब्राउझरचं प्रोफाइल, मेलचा साठा आणि टॅलीचा डेटा सी ड्राइव्हवरच राहू द्या. पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल) विंडोज तसंही काढता येण्याजोग्या ड्राइव्हवर ठेवू देत नाही.

अपडेटसाठी जागा करायची तर आधी हायबरनेशन बंद करा (४ जीबी रॅमला त्याची फाइल साधारण दीड जीबी खाते), डिस्क क्लीनअप सिस्टिम फाइलींसकट चालवा. तरी अडलं तर विंडोज स्वतःच बाहेरची ड्राइव्ह जोडायला सांगतं. १० जीबीच्या वर मोकळा असलेला पेनड्राइव्ह लावा आणि अपडेट संपेपर्यंत काढू नका.

नाशिकरोड_४२२१०१

कार्ड घरी आणल्यावर पहिलं काम: खरं आहे का बघा. नकली कार्डात १६ जीबीची चिप असते आणि फर्मवेअर १२८ सांगतं. १६ भरेपर्यंत सगळं झकास. पुढचं लेखन जुन्यावर चढतं किंवा हवेत जातं, आणि फाइलींची नावं दिसतात पण उघडत नाहीत.

विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू, लिनक्सवर एफ३. दोन्ही अख्खं कार्ड ओळखीच्या मजकुराने भरतात आणि परत वाचून ताडतात. अर्धवट तपासणीला अर्थ नाही. २० एमबी वेगाने ६४ जीबी लिहायला साधारण ५३ मिनिटं, ८० ने वाचायला १३-१४. म्हणजे तासाभराचं काम, लावून द्या आणि दुसरं काही करा. १२८ चं कार्ड विंडोजमध्ये ११९ दिसतं आणि २४० ची एसएसडी २२३ दिसते ती फसवणूक नाही. कंपनी हजाराने भागते आणि विंडोज १०२४ ने.

तपासणी झाल्यावर कॅमेरा किंवा फोनसाठीचं कार्ड एसडी असोसिएशनच्या फॉरमॅटरनेच फॉरमॅट करा. तो फाइल सिस्टिमची सुरुवात फ्लॅशच्या ब्लॉकशी जुळवून ठेवतो.

अवांतर: '१६ टीबीची पोर्टेबल एसएसडी' जेवणाच्या भावात दिसली तर पुढे सरका. तसल्या डब्या उघडल्यावर आत यूएसबीच्या पाटीवर चिकटवलेलं मायक्रोएसडी निघालेलं आहे.

गोदाकाठ

हे फार कामाचं. आता क्र. २ कडे. २४० घ्यावी की ४८०? हार्ड डिस्कमध्ये १८० जीबी भरलंय. आणि सगळं जसंच्या तसं उचलून कसं न्यायचं?

इंदिरानगरची_वीणा

४८० घ्या. २४० मध्ये १८० घातले की मोकळी जागा थोडीच उरते, आणि स्वस्त एसएसडी मोकळ्या जागेवरच जगते. त्यातलाच काही भाग ती तात्पुरता एसएलसीसारखा (एका पेशीत एकच बिट, म्हणून वेगवान) कॅश म्हणून वापरते. कॅश संपली की क्यूएलसीचा लेखनवेग १०० एमबीच्या आसपास किंवा त्याखाली येतो. किमान १५-२० टक्के मोकळं ठेवा.

निवडताना तीन गोष्टी: तीन वर्षांची वॉरंटी, कंपनीच्या कागदावर छापलेला टीबीडब्ल्यू (आयुष्यभरात किती टेराबाइट लिहिता येतात तो आकडा) आणि बिल. किंग्स्टन ए-४०० च्या २४० जीबीला ८० टेराबाइट दिलेत, क्रुशल बीएक्स-५०० च्या १ टीबीला ३६०. रोज २० जीबी लिहिलंत तरी ८० टेराबाइटला ४००० दिवस, म्हणजे जवळपास ११ वर्षं लागतात. घरच्या वापरात लेखन संपून एसएसडी मरत नाही. मरते ती बहुधा कंट्रोलर किंवा विजेच्या भानगडीने. ज्या ब्रँडचा टीबीडब्ल्यू कुठेच छापलेला नाही, तो स्वस्त असला तरी नको.

आता पायऱ्या.

आधी क्रिस्टलडिस्कइन्फो लावून हार्ड डिस्क बघा. निळं 'गुड' असेल तर पुढे जा. पिवळं 'कॉशन' असेल, विशेषतः पेंडिंग सेक्टरच्या (नीट वाचता न आलेल्या जागा) ओळीत काही आकडा असेल, तर क्लोन (डिस्कची जशीच्या तशी नक्कल) करत बसू नका. महत्त्वाच्या फाइली ताबडतोब बाहेर काढा आणि एसएसडीवर विंडोज कोरं टाका.

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का पाहा. असेल तर बंद करून पूर्ण उलगडू द्या आणि रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. ही पायरी लोक गाळतात आणि नंतर निळ्या पडद्यावर ४८ आकडे विचारले की रडतात.

एसएसडी ५०० पेक्षा लहान आहे, त्यामुळे क्लोनझिला हा नक्कल करणारा प्रोग्रॅम सरळ नकार देईल. आधी डिस्क मॅनेजमेंटमधून सी विभाजन आक्रसून सगळं मिळून ४४० च्या आत आणा, मग क्लोनझिलाच्या तज्ज्ञ मोडमध्ये लक्ष्य डिस्कचा आकार न तपासण्याचा पर्याय निवडा. विभाजनांच्या क्रमात रिकव्हरी शेवटी असेल तर ते आड येतं, त्याचंही बघा.

साटा-यूएसबी केबल यूएसबी ३ ची घ्या आणि निळ्या पोर्टात लावा. ८० एमबीने १८० जीबीला ३७-३८ मिनिटं, यूएसबी २ वर तेच दीड तासाच्या घरात. पॉवर अ‍ॅडॉप्टर जोडलेला असू द्या.

मग लॅपटॉप बंद, चार्जर काढा, बॅटरीचं कनेक्टर सोडवा, डिस्क बदला. एसएसडी ७ मिमी जाड असते आणि जुनी जागा ९.५ ची असू शकते. खुळखुळत असेल तर सोबतची प्लास्टिकची चौकट लावा, नाहीतर कनेक्टरवर ताण येतो. पहिल्या बूटनंतर 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' उघडून मीडिया टाइप सॉलिड स्टेट दिसतोय ना ते पाहा. तसा दिसला की विंडोज डीफ्रॅगऐवजी ट्रिम करतं.

सातपूरकर

वीणाताईंच्या पायऱ्यांत एक जोड. बायोसमध्ये साटा मोड आयडीई असेल तर एएचसीआय (नवी पद्धत) करायचा मोह होतो. थेट बदलला तर विंडोज उठत नाही. आधी एमएसकॉन्फिगमधून सेफ मोड लावा, रीस्टार्ट करताना बायोसमध्ये मोड बदला, सेफ मोडमध्ये एकदा चालू होऊ द्या, मग सेफ मोड काढून टाका. आणि साटा-२ चा लॅपटॉप असेल तर वेग २७०-२८० वरच अडकेल. त्याने हिरमुसू नका, फरक जाणवतो तो छोट्या कामांत आणि तो पुरेपूर जाणवेल.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तुमचा आय-५ आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर अकराचा आग्रह न धरता लिनक्सचाही विचार करा.

बाग_आणि_बोर्ड

क्र. ३ माझ्या आवडीचा. पाय ४ वरचं कार्ड मरण्यामागे बहुतेकदा दोन कारणं असतात: एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये दर काही सेकंदाला एकेक नोंद घालणं आणि लेखन चालू असताना वीज जाणं. प्रत्येक नोंद वेगळी कमिट केली की डेटाबेसचं जर्नल (बदलाची सुरक्षेसाठी ठेवलेली नोंद), मूळ फाइल आणि ईएक्सटी४ या लिनक्सच्या फाइल-पद्धतीचं जर्नल अशी तीन ठिकाणी लेखनं होतात. नोंदी रॅममध्ये जमवून दहा मिनिटांनी एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये टाका, अर्धी झिज तिथेच वाचेल. लॉग रॅममध्ये ठेवायला लॉग२रॅम आहे. नोंदी लगेच नेटवरून घरी पाठवत असाल तर रास्पी-कॉन्फिगमध्ये परफॉर्मन्सखाली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा. मग कार्डावर लेखनच होत नाही आणि वीज कितीदाही गेली तरी बिघडत नाही. नेट मात्र भरवशाचं हवं, कारण न पाठवलेल्या नोंदी रीस्टार्टला जातात.

एसएसडी लावायची तर पाय ४ यूएसबीवरून उठतो; इमेजरमधून यूएसबी बूटचा बूटलोडर एकदा कार्डावर टाकून चालवावा लागू शकतो. चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच मिळतात. ५.१ व्होल्ट ३ अँपिअरचा अ‍ॅडॉप्टर आणि जाड, आखूड केबल नसेल तर व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरतं, पडद्यावर विजेचं चिन्ह येतं आणि एसएसडी मधेच गायब होते. लोक एसएसडीला दोष देतात, चूक केबलची असते. काही केबलांमधल्या चिपचं यूएएस या वेगवान यूएसबी पद्धतीशी जमत नाही. डीमेसेज या लिनक्सच्या नोंदींत यूएसबी रीसेट वारंवार दिसले तर त्या केबलसाठी यूएएस बंद करा. वेग थोडा घटतो, अडखळणं थांबतं.

नुसतं बागेतलं तापमान नोंदवायला एसएसडी जरा जास्तच होते. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं ३२ किंवा ६४ चं कार्ड आणि वरची काळजी एवढ्यावर भागतं. सोसायटीच्या सीसीटीव्हीत आणि डॅशकॅममध्येही तेच घ्या. साध्या कार्डाच्या वॉरंटीत अखंड चित्रण बहुधा बसत नाही, मागचा बारीक मजकूर वाचा.

नाशिकरोड_४२२१०१

पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ठेवणार असाल तर डबी सावलीत आणि भोकं खालच्या बाजूला. उष्णतेने फ्लॅशमधला भार लवकर गळतो. जेडेक या चिप उद्योगाच्या मानक संस्थेच्या निकषात घरगुती एसएसडीने, सगळा टीबीडब्ल्यू वापरून झाल्यावर, ३० अंशाला विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवायचा असतो. नवी एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकवते, पण लग्नाचे फोटो एसएसडीत भरून कपाटात ठेवून देऊ नका. त्या कामाला काढलेली ५०० ची हार्ड डिस्कच बरी, डबीत घालून, अर्थात तब्येत 'गुड' असेल तर.

गोदाकाठ

बागेतल्या जुन्या कार्डात मागच्या हंगामाच्या नोंदी अडकल्यात. लॅपटॉपला लावलं की दिसतं, पण फॉरमॅट करा म्हणतं. अ‍ॅडॉप्टरची लॉकची पट्टी वरच आहे.

कॅनडाकॉर्नर

फॉरमॅट करू नका! विंडोजला ईएक्सटी४ वाचता येत नाही, म्हणून ते प्रत्येक पायच्या कार्डाला तेच म्हणतं. कार्ड ठणठणीतही असू शकेल. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करा आणि कार्ड फक्त वाचनासाठी माउंट करून बघा.

तिथेही अडलं तर आधी डीडीरेस्क्यूने अख्ख्या कार्डाची प्रतिमा काढा. तो चांगला भाग आधी उचलतो आणि खराब जागांकडे नंतर वळतो. पुढची सगळी खटपट प्रतिमेच्या नकलेवर करायची: आधी एफएसचेक (फाइल-पद्धतीची दुरुस्ती), त्याने नाही जमलं तर फोटोरेक (हरवलेल्या फाइली शोधणारा प्रोग्रॅम). नाव फोटोचं असलं तरी तो एसक्यूलाइटच्या फाइलीही ओळखतो, फक्त फाइलींची नावं जातात.

कार्डावर लिहिलेलं टिकत नसेल, म्हणजे फाइल पुसली तरी परत काढून लावल्यावर तशीच दिसत असेल, तर कंट्रोलरने ते कायमचं वाचनापुरतं केलंय. लॉकच्या पट्टीचा त्याच्याशी संबंध नाही. ती नुसती रीडरला इशारा देते. अशा कार्डातून डेटा मात्र सहसा पूर्ण निघतो. प्रतिमेसाठी कार्डाच्या आकाराएवढी मोकळी जागा लागेल, तेव्हा आधी क्र. २ ची एसएसडी बसवून घ्या आणि मग हे काम हातात घ्या.

गोदाकाठ

वाखूसा (वाचनखूण साठवली). ४८० ची साटा घेतोय, केबल यूएसबी ३ ची. पहिल्या लॅपटॉपचं झाकण रविवारी उघडतो, खाच निघाली तर मापासकट इथेच टाकतो.

इंदिरानगरची_वीणा

झाकणाचे स्क्रू काढताना लांबी बघून वेगळे ठेवा. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर पुढच्या बाजूला, टचपॅडशेजारी, फुगवटा येतो. आणि काही मॉडेलांत दोन स्क्रू रबरी पायांखाली लपलेले असतात, ते न काढता झाकण ओढलं तर कडेचे खटके तुटतात.